लक्षण आणि लक्ष्य : कृत्रिम श्वसनावरील रुग्णाच्या न्यूमोनियाचे निदान

१. दोन शब्द, चार अर्थ

मराठीत ‘लक्षण’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. वैद्याच्या तोंडी लक्षण म्हणजे रोगाची खूण होय. ताप, खोकला, धाप ही लक्षणे. शास्त्रकाराच्या तोंडी लक्षण म्हणजे व्याख्या. गाय कशास म्हणावे हे सांगणारे वाक्य हे गाईचे लक्षण, आणि गाय हे त्या वाक्याचे लक्ष्य. एरवी हे दोन अर्थ आपापल्या क्षेत्रात सुखाने नांदतात. परंतु वैद्यकात असा एक रोग आहे की, तेथे पहिल्या अर्थाची लक्षणे पाहू जाता दुसऱ्या अर्थाच्या लक्षणाचा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचे काही एक उत्तर हाती आल्यावाचून रुग्णाला औषध द्यावे की न द्यावे हे ठरत नाही. अतिदक्षता विभागात कृत्रिम श्वसनयंत्रावर, म्हणजे रूढ भाषेत व्हेंटिलेटरवर, ठेवलेल्या रुग्णाला होणारा न्यूमोनिया हा तो रोग होय.

‘निदान’ या शब्दाचाही इतिहास येथे उपयोगी पडतो. संस्कृतात निदान म्हणजे मुळात बांधण्याची दोरी आणि त्यावरून आदिकारण. आयुर्वेदाने रोग जाणण्याची जी पाच साधने सांगितली, निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती, त्यांतील ‘निदान’ हे रोगाचे कारण होय. मराठीत मात्र हा शब्द कारणावरून सरकून रोग ओळखण्याच्या क्रियेवर स्थिरावला. प्रस्तुत रोगात या दोन अर्थांची गंमतीची नव्हे, तर घातक ताटातूट झालेली दिसते. त्याचे जुन्या अर्थाचे निदान डोळ्यांसमोर असते. नव्या अर्थाचे निदान मात्र हाती लागत नाही. कारण ठाऊक, पण ओळख पटत नाही, अशी ही अवस्था आहे.

२. रोगाची उत्पत्ती

१९५२ साली कोपनहेगन येथे पोलिओची मोठी साथ आली. ज्या रुग्णांचे श्वसनाचे व गिळण्याचे स्नायू लुळे पडत त्यांतील बहुतेक दगावत. ब्लेगडॅम रुग्णालयात ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने अशा रुग्णांच्या श्वासनलिकेला छेद देऊन तीत नळी बसविली आणि रबरी पिशवी दाबून फुप्फुसांत हवा भरण्याची पद्धत सुरू केली. पिशवी दाबण्याचे काम वैद्यकाच्या सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी आळीपाळीने, दिवसरात्र, हातांनी केले. मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले. आजचा अतिदक्षता विभाग आणि दाबाने हवा भरणारे आजचे श्वसनयंत्र या दोहोंचा उगम बव्हंशी या घटनेत आहे.

परंतु जी नळी प्राण वाचविते तीच रोगाला वाट करून देते. तोंडावाटे घातलेली नळी स्वरतंतूंच्या मधून श्वासनलिकेत उतरते आणि त्यामुळे जे दार गिळताना मिटावयाचे ते सदैव उघडे राहते. नळीच्या टोकाजवळ हवेने फुगविलेला एक फुगा असतो. तो श्वासनलिकेच्या भिंतीला टेकून वरचा मार्ग बंद करतो खरा, परंतु तो बंदोबस्त परिपूर्ण नसतो. तोंडातील व घशातील स्राव फुग्याच्या वर साचतात आणि त्यांचा थोडाथोडा अंश फुग्याच्या सुरकुत्यांतून खाली झिरपतो. गुंगीच्या औषधांमुळे रुग्णाला खोकला येत नाही. आला तरी नळीमुळे तो निष्फळ ठरतो. नळीच्या आतल्या पृष्ठभागावर जिवाणूंचा चिकट थर जमतो व त्याचे कण हवेच्या झोताबरोबर खोल जातात. निरोगी माणसाच्या घशात सहसा न आढळणारे जिवाणू, उदाहरणार्थ स्यूडोमोनास, क्लेब्सिएला, ॲसिनेटोबॅक्टर, गंभीर आजारी माणसाच्या घशात अल्पावधीत वस्ती करतात. तेच फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचले आणि शरीराचा प्रतिकार अपुरा पडला की न्यूमोनिया होतो.

नळी घातल्यापासून ४८ तास उलटून गेल्यावर जो न्यूमोनिया उद्भवतो त्यासच या रोगाचे नाव द्यावयाचे, असा संकेत आहे. ही मर्यादा का? तर नळी घालण्यापूर्वीच जो संसर्ग शरीरात मुरत होता तो या सदरात येऊ नये म्हणून. म्हणजे रोगाच्या नावातच एक कालमर्यादा आणि एक कार्यकारणभाव गृहीत धरलेला आहे. राहिला प्रश्न ‘न्यूमोनिया’ या पदाचा. आणि सर्व अडचण तेथेच आहे.

३. उरलेले एकच प्रमाण

घराच्या ओसरीवरून चालत दवाखान्यात आलेल्या रुग्णाचा न्यूमोनिया ओळखणे तुलनेने सोपे. तो स्वतः सांगतो की चार दिवसांपूर्वी थंडी वाजून ताप आला, श्वास घेताना उजव्या बरगडीखाली कळ येते, कफ तांबूस पडतो. नैयायिकांच्या परिभाषेत हे शब्दप्रमाण होय. ज्याला ठाऊक आहे त्याच्या वचनापासून मिळालेले ज्ञान. नळीवरील रुग्णाच्या बाबतीत हेच प्रमाण पहिल्याप्रथम नाहीसे होते. स्वरतंतूंवरून हवा वाहील तेव्हा ध्वनी निर्माण होणार. फुगविलेल्या नळीने ती हवा स्वरतंतूंना वळसा घालून यंत्रात नेलेली असते. रुग्ण शुद्धीवर असला तरी ओठ हलवील, पाटीवर दोन अक्षरे खरडील, यापलीकडे त्याला बोलता येत नाही. आणि पुष्कळदा तो गुंगीत असतो. रोग जेथे झाला आहे तेथूनच वाणीही बंद झालेली असते, हा योगायोग नसून एकाच कारणाची ती दोन कार्ये आहेत.

प्रत्यक्ष प्रमाणही उपलब्ध नसते. न्यूमोनिया म्हणजे वायुकोशांत जिवाणूंमुळे झालेला दाह; तो निःसंशय पाहावयाचा तर फुप्फुसाचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरावयास हवा. अत्यवस्थ रुग्णाच्या बाबतीत हे सहसा करता येत नाही. राहता राहिले अनुमान. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी असला पाहिजे, या प्रसिद्ध दृष्टांतातील धुराप्रमाणे येथेही काही खुणा दिसतात आणि त्यांवरून न दिसणाऱ्या दाहाचे अनुमान करावयाचे असते. परंतु अनुमान खरे ठरण्यास हेतू आणि साध्य यांची व्याप्ती अभंग असावी लागते. जेथे जेथे धूर तेथे तेथे अग्नी, असा नियम असावा लागतो. अतिदक्षता विभागात अग्नीवाचून धूर निघण्याची ठिकाणे फार आहेत.

४. खुणांचा व्यभिचार

हेतू साध्यावाचूनही आढळू लागला की त्यास व्यभिचारी हेतू म्हणतात. या रोगाच्या प्रत्येक खुणेस हे विशेषण लागू पडते, हे क्रमाने पाहता येईल.

ताप घ्यावा. अतिदक्षता विभागातील रुग्णाला ताप येण्यास शिरेतील नळीचा संसर्ग, मूत्रमार्गाचा संसर्ग, शस्त्रक्रियेची जखम, स्वादुपिंडाचा दाह, रक्त चढविणे, पायाच्या शिरेत झालेली रक्ताची गाठ, इतकेच नव्हे तर स्वतः औषधेही कारण होऊ शकतात. उलट वृद्ध किंवा प्रतिकारशक्ती खचलेल्या रुग्णाला न्यूमोनिया होऊनही ताप येत नाही. रक्तातील पांढऱ्या पेशींची गोष्ट अशीच. शरीरावर कोणताही मोठा आघात झाला की त्या वाढतात. स्टेरॉइड औषधांनीही वाढतात.

नळीतून ओढून काढलेला स्राव घट्ट व पुवाळलेला असणे ही खूण अधिक जवळची वाटते. परंतु केवळ मोठ्या श्वासनलिकांचा दाह झाला आणि वायुकोश निर्दोष राहिले, तरी स्राव पुवाळतोच. रोगाच्या आणि खुणेच्या मधे येथे केवळ काही सेंटिमीटरांचे अंतर असते. परंतु औषधयोजनेच्या दृष्टीने ते अंतर मोठे असते.

छातीच्या क्ष-किरण चित्रावरील नवी सावली ही सर्वांत महत्त्वाची खूण मानली जाते. पण हे चित्र रुग्णाला खाटेवर उताणा ठेवूनच, फिरत्या यंत्राने काढलेले असते; रुग्णाला उभा करून दीर्घ श्वास रोखावयास सांगता येत नाही. त्यात दिसणारी सावली फुप्फुसाचा भाग मिटल्याने, पाणी साचल्याने, रक्तस्राव झाल्याने किंवा फुप्फुसाच्या तीव्र सार्वत्रिक दाहानेही पडू शकते. शिवाय पुष्कळ रुग्णांच्या फुप्फुसांत पहिल्या दिवसापासूनच सावल्या असतात, आणि त्यांत ‘नवी’ कोणती हे सांगणे दुरापास्त होते. २०२०-२१ मध्ये कोविडच्या साथीत व्हेंटिलेटरवर ठेवलेल्या रुग्णांच्या बाबतीत ही अडचण पराकोटीला गेली; विषाणूने दोन्ही फुप्फुसे आधीच धूसर केलेली असताना त्यावर जिवाणूंची नवी छाया ओळखावयाची कशी, हा प्रश्न रोजचा होऊन बसला.

रक्तातील प्राणवायू कमी होणे ही शेवटची खूण. तिच्याही मागे वरीलपैकी कोणतेही कारण असू शकते. तात्पर्य, एकेकट्या खुणेवर अनुमान उभे राहत नाही.

५. खुणांची जुळणी

एक खूण व्यभिचारी असेल, परंतु चार खुणा एकत्र आल्या तर? या विचारातून जोहानसन व त्यांचे सहकारी यांच्या नावाने ओळखले जाणारे निकष १९७२ पासून प्रचारात आले. क्ष-किरण चित्रात नवी किंवा वाढती सावली, आणि जोडीला ताप, पांढऱ्या पेशींतील बदल व पुवाळलेला स्राव यांपैकी काही खुणा, असे त्यांचे स्वरूप आहे. हे झाले रोगाचे लक्षण, दुसऱ्या अर्थाने. आता त्याचे दोष तपासावयास हवेत.

लक्षणाचे दोष तीन, असे न्यायशास्त्र सांगते. शिंगे असलेला पशू म्हणजे गाय, असे म्हटले तर म्हैसही गाय ठरते, ही अतिव्याप्ती. कपिल वर्णाचा पशू म्हणजे गाय, असे म्हटले तर पांढरी गाय वगळली जाते, ही अव्याप्ती. एकखुरी पशू म्हणजे गाय, असे म्हटले तर कोणतीच गाय त्यात येत नाही, हा असंभव. तिसऱ्या दोषाचे येथे प्रयोजन नाही. पहिले दोन मात्र वैद्यकातील दोन मापांशी नेमके जुळतात. ज्यांना रोग आहे त्यांपैकी किती जणांना कसोटी पकडते, यास संवेदनशीलता म्हणतात. ती जितकी उणी तितकी अव्याप्ती. ज्यांना रोग नाही त्यांपैकी किती जणांना कसोटी सोडून देते, यास विशिष्टता म्हणतात. ती जितकी उणी तितकी अतिव्याप्ती. भेद एवढाच की, नैयायिकाला लक्षण दुष्ट ठरविण्यास एक प्रतिकूल उदाहरण पुरते, आणि वैद्याला दोष शेकडेवारीने मोजून त्या दुष्ट लक्षणासह व्यवहार करावा लागतो.

हे मोजमाप बार्सिलोना येथील फाब्रेगास व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केले. व्हेंटिलेटरवर असताना मृत्यू पावलेल्या २५ रुग्णांच्या फुप्फुसांचे तुकडे मृत्यूनंतर लगेच घेऊन, जिवंतपणीच्या खुणा त्यांच्याशी ताडून पाहण्यात आल्या. सावली आणि इतर तीनपैकी दोन खुणा, या लक्षणाची संवेदनशीलता ६९ टक्के व विशिष्टता ७५ टक्के भरली.

या आकड्यांचा व्यवहारातील अर्थ एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, शंका असलेल्या १०० रुग्णांपैकी ४० जणांना खरोखर न्यूमोनिया आहे. वरील लक्षण त्यांपैकी सुमारे २८ जणांना ओळखील व १२ जणांना सोडील. उरलेल्या ६० निर्दोष रुग्णांपैकी १५ जणांवर ते रोगाचा शिक्का मारील. म्हणजे ‘न्यूमोनिया’ म्हटलेल्या ४३ जणांत १५ जणांना तो नसेल. आता समजा, खरा रोग १०० पैकी २० जणांनाच आहे. मग ओळखले गेलेले १४ आणि चुकून धरलेले २०. ‘न्यूमोनिया’ या शब्दाखाली आलेल्या ३४ जणांपैकी निम्म्याहून अधिकांना तो रोगच नाही. लक्षण तेच, खुणा त्याच. परंतु रुग्णसमूह बदलताच शब्दाची विश्वासार्हता बदलली. ज्या विभागात संशय घेण्याची सवय अधिक, तेथे याच शब्दाचे वजन कमी, असे यातून निष्पन्न होते.

येथे वाचक असे म्हणेल की, निदान शवपरीक्षेतील तुकडा तरी शेवटचा कस लावील. तोही भरवसा पुरा नाही. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३९ रुग्णांच्या फुप्फुसांचे तेच तुकडे चार विकृतिशास्त्रज्ञांना स्वतंत्रपणे दाखविण्यात आले. त्यांनी न्यूमोनियाचे जे प्रमाण सांगितले ते १८ टक्क्यांपासून ३८ टक्क्यांपर्यंत होते. जेथे प्रत्यक्ष प्रमाण मिळते तेथेही पाहणारे एकमुखाने बोलत नाहीत. सोने घासावयाचा दगडच घरोघर निराळा असल्यासारखी ही स्थिती आहे.

६. जिवाणूंची साक्ष

खुणांना गुण देऊन बेरीज करण्याची युक्ती पुजिन व सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये सुचविली. तापमान, पांढऱ्या पेशी, स्राव, प्राणवायूचे प्रमाण, क्ष-किरण चित्र आणि जिवाणुसंवर्धन या सहा बाबींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण द्यावयाचे. बेरीज सहाच्या वर गेली की न्यूमोनियाचा संशय बळकट समजावयाचा. या पद्धतीने विचाराला शिस्त आली. परंतु सहा व्यभिचारी हेतूंची बेरीज केल्याने अव्यभिचारी हेतू तयार होत नाही, हे पुढील परीक्षणांनी दाखविले. शिवाय सावलीस व स्रावास किती गुण द्यावयाचे यात दोन वैद्यांचे एकमत होईलच असे नाही.

मग जिवाणूंनाच साक्षीस बोलवावे, असा दुसरा मार्ग निघाला. येथील अडचण अशी की, नळीत आणि श्वासनलिकेत जिवाणू सापडणे हे न्यूमोनियाचे नव्हे, तर केवळ नळीचे लक्षण असू शकते. अंगणात पाहुणे उभे आहेत एवढ्यावरून ते घरात शिरले असे म्हणता येत नाही. म्हणून संख्येची मर्यादा घालण्यात आली. दुर्बिणीने खोलवर जाऊन फुप्फुसाचा भाग द्रवाने धुऊन घेतला तर दर मिलिलिटरला दहा हजार जिवाणू, संरक्षित कुंचल्याने नमुना घेतला तर एक हजार, आणि नळीतून सहज ओढलेल्या स्रावात दहा लाख, काही ठिकाणी एक लाख, असे उंबरठे ठरले. अर्थात ९,००० जिवाणू म्हणजे वस्ती आणि ११,००० म्हणजे रोग, असा भेद निसर्ग करीत नाही. तो माणसाने सोयीसाठी केलेला आहे. त्यातच नमुना घेण्यापूर्वी प्रतिजैविक दिलेले असले तर संख्या घटते आणि साक्षीदार फितूर होतो.

खोलवरचा नमुना घेतल्याने रुग्णाचे भले होते काय, याचा शोध दोन मोठ्या प्रयोगांनी घेतला. फागोन व सहकाऱ्यांनी फ्रान्समधील ३१ अतिदक्षता विभागांतील ४१३ रुग्णांवर केलेला प्रयोग २००० मध्ये प्रसिद्ध झाला. दुर्बिणीच्या नमुन्यावर भिस्त ठेवलेल्या गटात १४ दिवसांतील मृत्यू १६.२ टक्के, तर केवळ खुणांवर व वरवरच्या स्रावावर चाललेल्या गटात २५.८ टक्के होते. त्यानंतर कॅनडातील अतिदक्षता संशोधकांच्या गटाने २८ विभागांतील ७४० रुग्णांवरील प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात २८ दिवसांतील मृत्यू अनुक्रमे १८.९ व १८.४ टक्के, म्हणजे जवळजवळ समान भरले. मात्र या दुसऱ्या प्रयोगात, ज्यांच्या शरीरात स्यूडोमोनास किंवा मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस असल्याचे ठाऊक होते असे रुग्ण वगळलेले होते. आणि याच जिवाणूंच्या बाबतीत औषधाची निवड चुकण्याचा धोका अधिक असतो.

या दोन प्रयोगांचे पडसाद मार्गदर्शक सूचनांतही उमटले. २०१६ च्या अमेरिकन सूचनांनी नळीतील सहज मिळणारा नमुना पसंत केला. २०१७ च्या युरोपीय सूचनांनी खोलवरचा, मोजणीचा नमुना सुचविला. एकाच पुराव्याची दोन जाणत्या मंडळींनी दोन प्रकारे संगती लावली. औषध सुरू करण्याचा निर्णय रक्तातील प्रोकॅल्सिटोनिनसारख्या द्रव्यांवर किंवा गुणांच्या बेरजेवर न सोपविता वैद्याने रुग्ण पाहून घ्यावा, असे मात्र अमेरिकन सूचनांनी स्पष्ट म्हटले. इतक्या उपकरणांची परिक्रमा करून वैद्यक पुन्हा खाटेपाशी आले.

७. मोजावयाची व्याख्या, उपचाराची व्याख्या

एकाच शब्दाकडून दोन कामे करून घेतल्याने आणखी एक गोंधळ झाला. वैद्याला ‘न्यूमोनिया’ हा शब्द समोरच्या रुग्णाला औषध देण्यासाठी हवा असतो. प्रशासनाला तोच शब्द रुग्णालयांची तुलना करण्यासाठी हवा असतो. अमेरिकेत २००६ ते २०१२ या काळात रुग्णालयांनी राष्ट्रीय नोंदणीस कळविलेले या रोगाचे प्रमाण मोठ्या वेगाने घटले. परंतु मेटर्स्की व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवून दिले की, स्वतंत्रपणे व एकसारख्या पद्धतीने तपासलेल्या रुग्णपत्रांत २००५ ते २०१३ या काळात हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपासच राहिले होते. रोग घटला नव्हता. घटला होता तो शब्दाचा वापर. ज्या व्याख्येत ‘नवी सावली’ व ‘पुवाळलेला स्राव’ यांसारखी अर्थ लावण्यास मोकळी पदे आहेत, तिचा वापर करणाऱ्याच्या मनावर कमी आकड्याची अपेक्षा असली की अर्थ आपोआप आकुंचित होतो. यात लबाडीच असते असे नाही. पदांच्या सैलपणाचा तो परिणाम होय.

यावर उपाय म्हणून अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१३ मध्ये व्याख्याच पालटली. क्ष-किरण चित्र काढून टाकण्यात आले. रुग्ण दोन दिवस स्थिर राहिल्यावर, यंत्रातून द्यावयाच्या प्राणवायूचे किमान प्रमाण २० अंशांनी किंवा श्वासाच्या अखेरीचा दाब पाण्याच्या ३ सेंटिमीटरांनी वाढवावा लागला, आणि ही वाढ दोन दिवस टिकली, की ‘श्वसनयंत्राशी निगडित घटना’ घडली असे नोंदवावयाचे. त्यापुढे संसर्गाच्या खुणा व जिवाणू आढळल्यास ‘संभाव्य न्यूमोनिया’ अशी पायरी आहे. ही व्याख्या कोणी वाचली तरी एकच उत्तर देते, हा तिचा गुण. ती न्यूमोनियाविषयी थोडेच सांगते, हा तिचा दोष. आणि तो पत्करूनच ती रचलेली आहे. खाटेपाशी उपचार ठरविण्यासाठी ती वापरू नये, असे तिच्या कर्त्यांनीच बजावले आहे. लक्ष्य सुटले तरी चालेल, पण लक्षण निःसंदिग्ध हवे, असा हा व्यवहार आहे. मोजणीस तो चालतो, चिकित्सेस चालत नाही.

८. दोन चुकांची किंमत

हा वाद शब्दांचा म्हणून सोडून देता येत नाही, कारण दोन्ही दोषांची किंमत रुग्ण मोजतो. मेल्सेन व सहकाऱ्यांनी २४ प्रयोगांतील रुग्णांची माहिती एकत्र करून २०१३ मध्ये काढलेल्या निष्कर्षानुसार, या न्यूमोनियामुळे म्हणून होणारे मृत्यू सुमारे १३ टक्के भरतात. खरा रोग ओळखण्यास किंवा त्यावर योग्य औषध पडण्यास उशीर झाला तर जीव जाण्याचा संभव वाढतो. ही अव्याप्तीची किंमत.

अतिव्याप्तीची किंमत लगेच दिसत नाही. ज्याला न्यूमोनिया नाही त्याला प्रबळ प्रतिजैविके दिली, तर त्याच्या मूत्रपिंडांना व आतड्यांना अपाय होऊ शकतो. तापाचे खरे कारण शोधण्याचे राहून जाते. आणि त्याच्या शरीरात औषधांना न जुमानणारे जिवाणू बळावतात. ते त्याच्यापुरते राहत नाहीत. शुश्रूषा करणाऱ्यांच्या हातांवरून आणि उपकरणांवरून ते शेजारच्या खाटेवर जातात. भारतातील अतिदक्षता विभागांत कार्बापेनेम वर्गाच्या औषधांनाही दाद न देणारे ॲसिनेटोबॅक्टर व क्लेब्सिएला मोठ्या प्रमाणावर आढळतात; तेथे पुढच्या रुग्णाला खरा न्यूमोनिया होईल तेव्हा द्यावयास औषध उरेल काय, हा प्रश्न कल्पित नाही. आज एकाच्या बाबतीत सैल वापरलेला शब्द उद्या दुसऱ्याच्या बाबतीत निरुपाय होऊन उभा राहतो.

या पेचातून वैद्यकाने जो मार्ग काढला तो आयुर्वेदाच्या ‘उपशया’ची आठवण करून देतो. रोग गूढ असेल तर औषध, आहार व विहार यांनी काय सुखावते आणि काय दुखावते यावरून तो ओळखावा, ही उपशयाची कल्पना. आजची रीत तिच्याशी सदृश आहे, एकरूप नाही. शंका बळकट असेल तर नमुना घेऊन औषध सुरू करावे. ४८ ते ७२ तासांनी संवर्धनाचा निकाल आणि रुग्णाची प्रकृती एकत्र पाहावी. आणि मग औषध चालू ठेवावे, आटोपशीर करावे किंवा बंद करावे. पिट्सबर्ग येथील सिंग व सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखविले की, गुणांची बेरीज सहा किंवा त्याहून कमी असलेल्या रुग्णांना तीन दिवस औषध देऊन, तिसऱ्या दिवशीही बेरीज तशीच राहिल्यास ते थांबविले, तर मृत्यू वाढत नाहीत आणि औषधप्रतिरोध कमी होतो. शास्त्र व सहकाऱ्यांनी फ्रान्समधील ५१ विभागांतील ४०१ रुग्णांवर केलेल्या, २००३ मधील प्रयोगात ८ दिवस औषध दिलेल्यांतील मृत्यू १८.८ टक्के व १५ दिवस दिलेल्यांतील १७.२ टक्के होते. हा फरक अर्थपूर्ण नव्हता.

परंतु औषध थांबविण्यास केवळ पुरावा पुरत नाही. ब्रिटनमधील २१० रुग्णांवर झालेल्या व २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, फुप्फुस धुतलेल्या द्रवातील दोन द्रव्ये मोजून ‘न्यूमोनिया नाही’ असे पुष्कळ खात्रीने सांगणारी कसोटी वैद्यांच्या हाती देण्यात आली. प्रतिजैविकांचा वापर तरीही घटला नाही. कसोटीने ‘नाही’ म्हटले. वैद्यांच्या हातून औषध बंद झाले नाही. अत्यवस्थ रुग्णासमोर उभ्या असलेल्या माणसाला अतिव्याप्तीपेक्षा अव्याप्तीचे भय अधिक वाटावे, हे समजण्यासारखे आहे. पहिल्या चुकीचा बळी अनोळखी असतो, दुसऱ्या चुकीचा बळी समोर निजलेला असतो.

९. ‘आहे’ आणि ‘असावा’

मराठी क्रियापदाला ज्ञानाच्या पायऱ्या दाखविण्याची सोय आहे. ‘न्यूमोनिया आहे’, ‘न्यूमोनिया असावा’, ‘न्यूमोनिया असेल’, ‘न्यूमोनिया असू शकेल’ या चार वाक्यांत वस्तू एकच, पण वक्त्याच्या खात्रीचे माप निरनिराळे आहे. यांपैकी ‘असावा’ हे रूप अनुमानाचे होय. खुणा पाहिल्या, निष्कर्ष काढला, पण प्रत्यक्ष पाहिले नाही, हे ते प्रामाणिकपणे सांगते. व्हेंटिलेटरवरील रुग्णाच्या बाबतीत पहिल्या दिवशी वैद्याच्या हाती असलेले सर्व ज्ञान याच रूपाचे असते.

घोटाळा होतो तो रूप बदलल्याने. पहिल्या रात्रीच्या ‘असावा’चे दुसऱ्या दिवशी रुग्णपत्रात ‘न्यूमोनिया’ एवढेच नाम होते. क्रियापद गळून पडते आणि त्याच्याबरोबर संशयही. पाळी बदलते, वैद्य बदलतात, आणि आलेला प्रत्येक नवा माणूस ते नाम वाचून औषध पुढे चालू ठेवतो. बाहेर बसलेल्या नातेवाइकांना ‘छातीत न्यूमोनिया झाला आहे’ असे सांगितले जाते आणि तेही ते निश्चित वर्तमान म्हणून घरी नेतात. तिसऱ्या दिवशीच्या फेरतपासणीचे खरे प्रयोजन हे की, गळलेले क्रियापद परत आणावे आणि त्याचा ‘आहे’ किंवा ‘नाही’ असा निकाल लावावा; निकाल लागत नसेल तर ‘असावा’ हेच रूप कारणांसह पुन्हा लिहावे.

या रोगाचे निर्दोष लक्षण अद्याप कोणास बांधता आलेले नाही, आणि ज्या वस्तूचे प्रत्यक्षही पाहणाऱ्यांना एकमताने करता येत नाही तिचे ते सहज बांधता येईल असेही नाही. परंतु दुष्ट लक्षणाने व्यवहार करताना त्याचा दोष कोणत्या बाजूचा आहे, आणि त्याची किंमत कोण देणार आहे, एवढे ध्यानात ठेवणे शक्य असते. रुग्णाची वाणी नळीने बंद केलेली आहे. त्याच्या वतीने जे वाक्य लिहिले जाते त्याचे क्रियापद तरी जागच्या जागी असावे.